घाटावरचं पाणी, घाटाखालचं पाणी

पुण्यात कुणी "गाव कुठलं?" विचारलं आणि मी "बुलढाणा" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो - "म्हणजे शेगाव ना?" क्वचित कुणाला लोणारचं सरोवर आठवतं. पण दोन बुलढाणेकर एकमेकांना भेटले की प्रश्न वेगळाच असतो - "घाटावरचे की घाटाखालचे?"

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल. अजिंठ्याच्या डोंगररांगेची धार आमच्या जिल्ह्यातून आडवी जाते. तिच्या वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे तालुके - म्हणजे घाटावर. खाली मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, आणि पार सातपुड्याला टेकलेले जळगाव जामोद आणि संग्रामपूर - म्हणजे घाटाखाली. घाटाखालचं पाणी पूर्णेतून तापीला आणि तिथून अरबी समुद्राला मिळतं. घाटावरचं पैनगंगा आणि खडकपूर्णेतून गोदावरीच्या खोऱ्यात जातं आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या समुद्रांना जातो!

माझे वडील घाटावरचे, आई घाटाखालची. त्यामुळे लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दोन्ही पाणी प्यायलो आहे. वडिलांच्या गावची विहीर गोड, पण होळीनंतर तळ दिसायला लागायचा. मामाच्या विहिरीला मात्र मे महिन्यातही पाणी. मला वाटायचं, मामा किती श्रीमंत! एकदा दुपारी खेळून आलो आणि कुणाला न विचारता बादलीतून ओंजळभर पाणी प्यायलो, आणि तसंच थुंकून टाकलं. मामा हसत म्हणाला, "पाणी हाय ना बापा, पण ढोरं बी तोंड लावत नाहीत त्याले."

हे सगळं आठवायचं कारण मात्र शुद्ध ऑफिसातलं आहे. मध्यंतरी आम्ही एका क्लायंटच्या गोदामासाठी आठ महिने खपून एक सिस्टिम बनवली. डिझाइन देखणं, डॉक्युमेंट जाडजूड, प्रत्येक पानावर साहेबांची सही. आणि टेस्टिंगच्या दिवशी गोदामातला एक कारकून स्क्रीनकडे बघून शांतपणे म्हणाला, "पण आम्ही माल असा उतरवतच नाही." आठ महिन्यांत त्या माणसाशी कुणी बोललंच नव्हतं! सह्या होत्या, विचारणं नव्हतं.

त्या रात्री घरी येताना डोक्यात आलं, की आमच्या जिल्ह्यात पाण्यावर इतकी वर्षं इतका पैसा खर्च झाला, तेव्हा कुणाला विचारलं होतं? मग काही शनिवार-रविवार या एकाच प्रश्नाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडतोय. मी इतिहासकार नाही, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

सुरुवात सिंदखेड राजापासून करू. जिजाऊंचं जन्मगाव म्हणून सगळे तिथे जातात, वाडा बघतात आणि परत येतात. पुढच्या वेळी गेलात तर मोती तलाव आणि पुतळा बारवही नक्की बघा. तलावाचा दगडी बांध बघितला की कळतं, त्या काळच्या लोकांना पाणी कुठे अडेल याची उत्तम जाण होती. आता इथे एक मोह होतो. "बघा, पूर्वी लोक स्वतःच सगळं ठरवायचे, सरकार आलं आणि बिघडलं" असं म्हणायचा. पण ते खरं नाही. तलाव सरदाराच्या आश्रयानं व्हायचे, आणि कुणी कुठल्या पाणवठ्यावर पाणी भरायचं ते जात ठरवायची. तिथून जवळच, देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. ज्यांच्या लोकांना गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, त्यांचं नाव आज खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला आहे - संत चोखामेळा सागर. मला हे नाव फार आवडतं. पाण्याच्या बाबतीत "गाव" म्हणजे नेमकं कोण, हा प्रश्न त्या नावातच आहे. पुढे तो पुन्हा येणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

१८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. इंग्रजांना इथे दिसला तो कापूस. १८६० च्या दशकात रेल्वे आली, मलकापूर-नांदुरा-शेगाव ही स्टेशनं झाली, आणि खामगावची कापसाची बाजारपेठ नावारूपाला आली. रेल्वे आली, जिनिंग आलं, पण पाणी? सरकारी हिशोब सरळ होता - कालव्याचा खर्च पाणीपट्टीतून व्याजासकट वसूल होत असेल तरच तो "उत्पादक". काळ्या कापसाच्या जमिनीला कालव्याचं पाणी फारसं मानवत नाही आणि शेतकरी पाणीपट्टी भरायला तयार होत नाही, असा त्या वेळच्या अहवालांचा सूर. म्हणून वऱ्हाडात मोठी कामं झालीच नाहीत. मग १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. लक्ष्मण सत्या यांचं "कॉटन अँड फॅमिन इन बेरार" हे पुस्तक या काळावरच आहे. कापसाची भरभराट आणि भुकेनं मरणारी माणसं एकाच प्रदेशात एकाच वेळी कशी होती, हे त्यात वाचायला मिळतं. इथे लोकांना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. विचारलं गेलं ते फक्त तिजोरीला.

मग स्वातंत्र्य, १९६० ला महाराष्ट्र, १९६२ ला जिल्हा परिषदा. पाण्याची वाटणी झाली: छोटी कामं जिल्हा परिषदेकडे, मोठी राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे. त्याच दशकात मोताळा तालुक्यात नळगंगा धरण झालं. (हे नावही लक्षात ठेवा, शेवटी आपण पुन्हा तिथेच येणार आहोत.) त्या काळात धरण कुठे होणार हे नकाशा आणि खोरं ठरवायचं आणि गावाला कळायचं ते भूसंपादनाच्या नोटिशीतून. कायदा १८९४ चा, इंग्रजांचाच. त्यात हरकत घेता यायची, पण पर्याय सुचवायला जागा नव्हती.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामांवर माझे आजोबा खडी फोडायला जात होते. त्या काळात आणि नंतर पाझर तलाव, नालाबांध बरेच झाले. त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही, त्या मजुरीवर आमचं घर जगलंय. पण काम कुठे काढायचं हे "मजूर कुठे आहेत" यावरून ठरत होतं, "पाणी कुठे मुरेल" यावरून कमी. वर्षभर उपाशी माणसाला काम देणं हे त्याचं पहिलं उद्दिष्ट होतं, आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर आला "अनुशेष". १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून विदर्भातल्या प्रत्येक राजकीय भाषणात हा शब्द आहे. सिंचनात कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे, तितका अनुशेष, तितके कोटी. अमरावती विभागाचा, म्हणजे आमच्याही जिल्ह्याचा अनुशेष सगळ्यात चिवट निघाला, वर्षानुवर्षं रेंगाळला. मागणी न्याय्यच होती, त्याबद्दल वाद नाही. पण गंमत बघा. सगळी चर्चा "बुलढाण्याला किती" यावर. बुलढाण्यातल्या कुणाला, कुठलं पाणी, हे त्या आकड्यात बसतच नव्हतं. नदीची सरासरी खोली तीन फूट म्हणून पोरासोरांसकट पाण्यात उतरलेल्या हिशोबनीसाची गोष्ट ठाऊक आहे ना? घाटावर आणि घाटाखाली यांची सरासरी काढली की तसंच होतं.

कारण घाटाखालचा प्रश्न मुळात पाणी "किती" हा नाहीच, "कसं" हा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलाय. चिकणमाती, निचरा वाईट, आणि त्यात अडकून राहिलेले क्षार. यालाच खारपाणपट्टा म्हणतात. अकोला, अमरावती, बुलढाणा मिळून साधारण ४,७०० चौरस किलोमीटर आणि नऊशेच्या आसपास गावं. आमच्याकडे शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत तो पसरलाय. तिथलं भूजल पिकाला दिलं तर जमीन हळूहळू कडक होते. माणसांनी प्यायलं तर काय होतं? संग्रामपूर-जळगाव जामोदकडे किडनीचे रुग्ण मोठ्या संख्येनं आहेत आणि लोक बोट दाखवतात ते पाण्याकडेच.

आता अशा गावात हातपंप खोदायचा का? मामाच्या गावी खोदले. एक नाही, तीन. टार्गेट होतं, खोदले, रंग दिला, नंबर टाकला. कागदावर गाव "टंचाईमुक्त". तिन्ही पंपांचं पाणी खारं. ते खारं लागणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही. (आमच्या गोदामातल्या कारकुनासारखंच.) पुढे सातपुड्याच्या पायथ्याच्या वान धरणातून पाणी आणणाऱ्या १४० गावांच्या योजनेसारख्या प्रादेशिक योजना आल्या आणि पट्ट्यातल्या गावांत बाहेरचं गोड पाणी पोचायला लागलं. आई सांगते, माहेरी पहिल्यांदा नळाचं पाणी आलं तेव्हा आजीनं त्याचा चहा करून सगळ्या आळीला पाजला. खाऱ्या पाण्याच्या चहाला चव कशी येणार? डाळसुद्धा शिजत नसे. म्हणजे मोठ्या योजना वाईटच, असं मी म्हणत नाही. काही प्रश्न गावाच्या शिवारात सुटतच नाहीत, पाणी पन्नास किलोमीटरवरून आणावंच लागतं. पण अशा पाइपलाइनला शेपूट असते, आणि शेपटाकडच्या गावाला पाणी कधी येणार हे वरच्या व्हॉल्व्हच्या चावीवर ठरतं. ती चावी कुणाच्या हातात, हे गावाला कधी कुणी विचारत नाही.

मोठ्या योजनेचं दुसरं टोक म्हणजे जिगाव. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरचा प्रकल्प, १९९० च्या दशकात मंजूर. मूळ किंमत ३९४ कोटी, सुधारित किंमत १३ हजार कोटींच्या पुढे! लाखभर हेक्टर भिजवायचं स्वप्न, चाळीसच्या वर गावं बाधित आणि तीन दशकं होत आली तरी काम चाललेलंच. किंमत का वाढली यावर पुष्कळ लिहून झालंय, त्यात मी शिरत नाही. मला सतावतो तो वेगळाच हिशोब. बुडणार म्हणून जाहीर झालेल्या गावात कुणी नवं घर कशाला बांधेल? शाळेची खोली कोण दुरुस्त करेल? एक पिढी तिथे "उठायचंय" या वाक्याखाली वाढली. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात येत नाही, कारण तो मांडायला माणसांशी बोलावं लागतं.

असो. गाडी जरा पुढे नेऊ. २००० च्या आसपास सरकारी भाषाच बदलली. २००२ मध्ये केंद्राची स्वजलधारा आली, २००३ मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून महाराष्ट्रात जलस्वराज्य. २६ जिल्हे. नियम वाचले तर आपल्यासारख्या माणसाला आनंदच होईल: योजना गावानं निवडायची, ग्रामसभेत ठरवायची, त्याआधी महिलांची वेगळी ग्रामसभा, पाणी समितीत निम्म्या बायका, खर्चाच्या दहा टक्के लोकवर्गणी (आदिवासी गावांत पाच), पैसे थेट गावाच्या खात्यात आणि पुढची देखभाल पूर्णपणे गावाची. म्हणजे रिक्वायरमेंट, बजेट आणि मेंटेनन्स, तिन्ही वापरणाऱ्याच्या हातात. कागदावर याहून चांगलं काय असणार?

त्याच सुमाराची, वडिलांच्या गावची एक ग्रामसभा माझ्या डोळ्यांसमोर आहे. मी कॉलेजात होतो, सुट्टीला गेलो होतो. नव्या नळयोजनेसाठी सभा, मारुतीच्या पारावर. योजनेचे साहेब नकाशा घेऊन आले होते. नकाशावर टाकीची जागा आधीच लाल पेन्सिलीनं केलेली. शाळेमागची, कारण ती जागा ग्रामपंचायतीची होती, भानगड नव्हती. चर्चा वर्गणीवर झाली, कंत्राट कुणाला यावर झाली, जोरात झाली. शेवटी मागे बसलेली वरच्या वस्तीतली एक म्हातारी उठली. गावाची दलित वस्ती टेकाडावर आहे, गावापासून थोडी वेगळी, जशी सगळीकडे असते. ती एवढंच म्हणाली, "बापू, पानी उताराले जाते. आमच्याकडं चढंल का?"

लोक हसले. साहेब म्हणाले, "आजी, प्रेशर असतं त्याला." आणि हजेरीचं रजिस्टर फिरलं. तिनंही अंगठा दिला.

टाकी झाली, नळ आले. वरच्या वस्तीत पहिल्या पावसाळ्यात करंगळीएवढी धार आली आणि उन्हाळ्यात तीही बंद. कितीतरी वर्षांनी वस्तीसाठी वेगळी छोटी टाकी आणि वेगळी मोटार बसवली, वेगळा खर्च करून. आजी ते बघायला नव्हती. पातळीचं साधं गणित तिला कळलं होतं, कारण ती तीस-चाळीस वर्षं रोज तो चढ डोक्यावर हंडा घेऊन चढत होती. आणि रजिस्टरप्रमाणे तिची "संमती" होती.

मला वाटतं, आमच्या जिल्ह्याच्या पाण्याच्या इतिहासातलं कळीचं वळण हे आहे. इंग्रजांनी विचारलं नाही, धरणं बांधणाऱ्यांनी विचारलं नाही, हे आपल्याला सहज दिसतं. पण २००० नंतर विचारणं हाच एक रकाना झाला. तो भरला की काम पुढे. न विचारण्यापेक्षा हे जास्त अवघड आहे, कारण आता तक्रारही करता येत नाही. तुमचा अंगठा आहे ना तिथे!

मग खरं विचारणं कसं असतं? याचंही उदाहरण जिल्ह्यातच आहे. त्यासाठी २०१८ हे वर्ष बघायला हवं. त्या वर्षी बुलढाण्यात पाण्यावर तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या.

पहिली, भारतीय जैन संघटना आणि राज्य सरकारच्या कराराखालची "सुजलाम् सुफलाम्" मोहीम. शंभरावर जेसीबी-पोकलेन संघटनेचे, डिझेल सरकारचं. दुसरी, ज्याला पुढे "बुलढाणा पॅटर्न" नाव पडलं ती: राष्ट्रीय महामार्गाला माती-मुरूम लागतो, तो नाले आणि तलाव खोल करून काढायचा. रस्त्याला भराव, गावाला साठा. कल्पना झकास आहे, एका दगडात दोन पक्षी, आणि नितीन गडकरींनी ती देशभर सांगितली. तिसरी, पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. तिच्यात मोताळा तालुका होता आणि त्यातलं सिंदखेड हे गाव त्या वर्षी राज्यात दुसऱ्या क्रमांकावर आलं, साताऱ्यातल्या भांडवलीच्या बरोबरीनं. (हे सिंदखेड म्हणजे सिंदखेड राजा नव्हे. घाटाखालचं, वेगळं.)

तिन्हींत खोदकामच आहे. पण क्रम बघा. मशीनच्या कामात यंत्र हातात असतं आणि त्याला जागा शोधायची असते. महामार्गाच्या कामात तर मुरूम किती लांबून वाहायचा, हा हिशोब आलाच. वॉटर कपमध्ये आधी गावातल्या बायका-पुरुषांनी प्रशिक्षणाला जायचं. माथा ते पायथा म्हणजे काय, समपातळी रेषा ए-फ्रेमनं कशी आखायची, गावात पडलेलं पाणी आणि लागणारं पाणी यांचा ताळेबंद कसा मांडायचा. मग पंचेचाळीस दिवस खोदायचं. म्हणजे प्रश्न विचारायची अक्कल आधी, फावडं नंतर. मशीन तिथेही आलीच, पण कुठे चालवायची ते ठरवणारा माणूस गावातला होता.

हा फरक कोरा तात्त्विक नाही. घाटावर मुरमात नाला खोल केला तर पाणी मुरतं. तेच मशीन घाटाखाली खारपाणपट्ट्यात खोल घातलं तर खालून खारं लागतं. तिथे पावसाचं गोड पाणी वरच्या वर धरून ठेवणारं शेततळंच बरं, चिकणमाती ते मुरूही देत नाही. हे मामाला माहीत आहे. जलयुक्त शिवार अभियानावर राज्यात ९,६३४ कोटी रुपये खर्च झाले आणि भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम दिसला नाही, असं कॅगनं २०२० च्या अहवालात म्हटलं. एका नमुन्याचं काम सगळीकडे, हे त्यामागचं एकमेव कारण नसेल, पण एक नक्की असावं.

स्पर्धेचंही सगळं गोड नाही, हेही सांगायला हवं. श्रमदान म्हणजे बुडालेली मजुरी. ज्याला शेत आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढतं, ज्याला नाही त्याला घामच. इथे विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत आठवते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरमधल्या नायगावला त्यांनी नियमच केला होता की पाण्यावर हक्क जमिनीप्रमाणे नाही, घरातल्या माणसांप्रमाणे, आणि भूमिहीनालाही वाटा. चोखामेळा सागराच्या नावातला तो प्रश्न, "गाव म्हणजे कोण", त्याचं मला माहीत असलेलं सगळ्यात धीट उत्तर हेच.

बाहेरच्या जगातही हेच सापडतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी नेपाळमधल्या शेकडो कालव्यांचा अभ्यास केला होता. शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले, दगडमातीचे, दिसायला गबाळे कालवे शेपटाकडच्या शेतापर्यंत पाणी पोचवण्यात सरकारी पक्क्या कालव्यांपेक्षा सरस निघाले. कारण? दरवर्षी दुरुस्तीला खालच्या शेतकऱ्यांचे हात लागत, म्हणून वरच्यांना त्यांचं ऐकावं लागे. पक्कं बांधकाम झालं आणि ती गरज संपली. आपल्या धुळे-नाशिककडची जुनी फड पद्धत याच तत्त्वावर चालत आली. ज्याच्याशिवाय काम अडतं, त्याचंच ऐकलं जातं. आमच्या आजीशिवाय काहीच अडत नव्हतं.

आता हे सगळं आजच का लिहितोय? तर नळगंगेमुळे. २०२४ मध्ये राज्य सरकारनं वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मंजुरी दिली. गोसीखुर्दपासून निघून सुमारे ४२६ किलोमीटरचा जोडकालवा, नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला पार करत थेट आमच्या मोताळा तालुक्यातल्या नळगंगेपर्यंत. खर्च साधारण ८७ हजार कोटी. बुलढाण्यासाठी ही इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ठरू शकते, आणि आम्ही या कालव्याचं अगदी शेपूट आहोत! मोताळ्यात उभं राहून पूर्वेकडे बघायचं आणि पाच जिल्ह्यांना पुरून पाणी आपल्याकडे येईल अशी वाट बघायची.

२०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आला, ग्रामसभा आली. पण ज्या सिंचन प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास लागतो त्यांना सामाजिक अभ्यासातून सूट आहे. पर्यावरणासाठी जनसुनावणी होते, पण ती तयार मसुद्यावर. म्हणजे लाल पेन्सिल आधीच फिरलेली. दुसरीकडे अटल भूजल योजनेत बुलढाणा आहे, जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावाचा आराखडा आणि पाणी समिती आहे. गावानं ताळेबंद मांडायचा, आराखडा करायचा, सगळं आहे. पण खालून वर येणारे हे गावांचे आराखडे आणि वरून खाली येणारा तो ४२६ किलोमीटरचा कालवा एकमेकांना कुठे भेटणार? घाटाखालच्या खाऱ्या जमिनीत कालव्याचं पाणी आलं तर निचऱ्याचं काय? शेपटाला किती पाणी, कुठल्या महिन्यात, चावी कुणाकडे? हे आज, कागदावर असताना विचारलं तर खोडरबरानं दुरुस्त होईल. नंतर विचारलं तर वेगळी टाकी आणि वेगळी मोटार.

शेवटी एक सूचना, तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी. आपण गाव सोडलेली माणसं, नियम वाचू शकतो, नकाशा वाचू शकतो. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. योगायोग बघा, या चारही दिवशी आपल्याला सुट्टी असते. आणि आपण लोणावळ्याला भजी खात असतो :) एखादी सुट्टी गावी काढा. भाषण करायला नको, आपला तो अधिकारही नाही. फक्त पाणी समितीचा आराखडा बघायला मागा आणि तीन गोष्टी शोधा: टाकीची पातळी सगळ्यात उंच घरापेक्षा वर आहे का, मोटारीचं वीजबिल कोण भरणार, आणि मागे बसलेल्या बाईनं काय विचारलं ते इतिवृत्तात लिहिलंय का.

मी येत्या १ मेला जातोय. वरच्या वस्तीच्या त्या वेगळ्या मोटारीचं बिल थकलंय, काकाचा फोन होता. सभेत हा विषय घ्यायला त्यांनी सरपंचांना सांगून ठेवलंय. बघू या, या वेळी रजिस्टर आधी फिरतं की चर्चा.